सुशीलाबाई आहेत का

१७ जून, मंगळवार
सूनबाई दीपमाला काल फोनवर बहिणीला म्हणाली, "बाबांनी वल्लरीची सगळी माहिती वाटून टाकली." हे विधान चूक आहे. माहिती वाटली नाही. अभ्यासाच्या संकेतस्थळाने विचारली, म्हणून मी दिली : नातीचे नाव, छायाचित्र, शाळा, इयत्ता, क्लासचा पत्ता व वेळ, कच्चे विषय. ऐच्छिक रकानेही भरले. रकाना रिकामा सोडणे हा आळस होय. मोबाइल क्रमांक मात्र सुशीलाचा दिला, कारण स्वतःचा क्रमांक मी परक्यांना देत नाही. क्रमांक तिचा, म्हणून पालक म्हणून नाव आणि जन्मतारीखही तिचीच. पत्नीला जाऊन तीन वर्षे झाली. तिचा फोन मी केवळ बँकेच्या कामासाठी चालू ठेवला आहे.

२१ जून, सकाळी
तिचा फोन वाजला. एका तरुणीने विचारले, सुशीलाबाई आहेत का. बाहेर गेल्या आहेत, असे सांगितले. वाक्यरचना निर्दोष होती.

२६ जून
पुन्हा तीच. म्हणाली, काल तुमची नात आमच्या संकेतस्थळावरील गणिताच्या चाचणीत दुसऱ्याच प्रश्नाला अडली आणि उठून गेली. हे आम्हां घरच्यांनाही ठाऊक नव्हते. खोलीत कोणी बसून पाहत असावे, असे वाटले. पडदे ओढून घेतले.
संकल्प : खाते आजच बंद करणे. जेवणानंतर.

३ जुलै
तिच्या फोनवर संदेश : "सुशीलाताई, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." घरात इतर कोणाला आठवण नव्हती. सुशीलाला दाखवावा म्हणून फोन घेऊन स्वयंपाकघरापर्यंत गेलो.
खाते बंद करणे लांबणीवर. पुरावे गोळा करीत आहे.

९ जुलै
वल्लरी स्वारगेटहून रडत आली. क्लासबाहेर पत्रके वाटणाऱ्या माणसाने तिला नावाने हाक मारली. म्हणाला, गणित कच्चं आहे ना तुझं, आजीचा नंबर आहे आमच्याकडे. आजोबा, आजीचा कसा, असे ती विचारीत राहिली. खाते बंद केले आहे, असे मी ठामपणे सांगितले. नक्की ना बाबा, की आपलं नेहमीचं 'करतो', इति दीपमाला.

१४ जुलै
वल्लरी क्लासला जाण्यास तयार नाही. शनिवारी लोणी काळभोरला मावशीकडे गेली. ते फोन थांबल्याशिवाय येणार नाही म्हणते.
सकाळी फोन आला. सुशीलाबाई आहेत का. आहेत, पूजेला बसल्या आहेत, असे माझ्या तोंडून गेले. थांबते, असे ती म्हणाली. मीही थांबलो. बराच वेळ.

१८ जुलै
नोंदींतील तारखांची दुरुस्ती.
खाते बंद केल्याची तारीख : ९ जुलै नव्हे. आज, १८ जुलै.
वल्लरीने क्लास सोडला : १० जुलै. परत येण्याची तारीख तिने दिलेली नाही.
सुशीलाचे निधन : ११ मे २०२२. त्या तरुणीला तसे कळविले : आज, सकाळी. सॉरी म्हणाली आणि तिने नाव काढून टाकले.