रडून झाल्यावरचा चहा

माय, काल आपल्या पांढुर्ण्याच्या वाचनालयात एका नव्या कादंबरीचा कार्यक्रम होता. शिकवण्यात आयुष्य गेलं, आवाज अजून बरा आहे, म्हणून शेवटचं प्रकरण वाचायला मला बोलावलं. पुस्तक चांगलं का, तर म्हणे वाचताना तीनदा रडू येतं. नवऱ्याचा मार मुकाट्याने सोसत एक बाई मरते, एवढीच गोष्ट. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले, नाकं शिंकरली आणि दहा मिनिटांत समोशावर चटणी कमी पडली म्हणून कुरकूर सुरू केली. मला किळस आली. घरी आले तरी ती जाईना, म्हणून तुला लिहायला बसले आहे.

कारण तूही तशीच रडायचीस. संत्र्याच्या हंगामात व्यापाऱ्याच्या मांडवात तुम्ही सात-आठ जणी संत्री निवडायला बसायच्या. हात गुंतलेले, कान मोकळे, म्हणून मी कॉलेजातून आले की मधे बसून कादंबरी वाचायचे. चांगली संत्री पेटीत, डागी घरच्या पिशवीत. अंगठ्याएवढा डाग न बघताही तुझ्या चालत्या हाताला कळायचा. कादंबरीही तूच निवडून आणायचीस आणि आधी विचारून घ्यायचीस, "शेवटी मरते ना वं ते?" मरत नसेल तर पुस्तक परत.

त्या दुपारी शेवटचं प्रकरण चालू आहे. कादंबरीतली सून अंथरुणाला खिळली आहे, मांडवात सगळ्यांचे पदर डोळ्यांना लागले आहेत. आणि दारात ताई उभी आहे, मोहगावच्या सासरहून एकटी, हातात एक पिशवी. लग्नाला वर्ष झालेलं नाही. तू तिला पाहतेस, हात वर करतेस, म्हणतेस, "थांब वं बाई, दोनच पानं राह्यली." ताई उन्हात उभी राहते. मी वाचत राहते. सून मरते. तुम्ही सगळ्या पोटभर रडता.

मग तू चहा मांडलास. ताईने बाही वर करून दंड दाखवला आणि म्हणाली, "माय, मी आता तिथं जात नाही."

तू दंडाकडे पाहिलंस. डोळे अजून लाल होते तुझे, पण ते कादंबरीतल्या सुनेसाठी. "असं म्हणून कसं चालन? माणूस तापट राह्यते, लेकरंबाळं झाले का निवते. आताच आयकलं ना, त्या पोरीनं किती सोसलं थे?"

"म्या नाही आयकलं," ताई म्हणाली. "मी बाहेर उभी होती."

मोहगावकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या सौसरच्या बसमध्ये तूच तिला बसवून दिलंस. वाटेत खायला संत्री दिलीस, तीही सवयीने डागी पिशवीतली. दुसऱ्या दिवशी मांडवात पुन्हा त्या मेलेल्या सुनेचा विषय निघाला आणि तू पुन्हा रडलीस. ताईसाठी मी तुला एकदाही रडताना पाहिलं नाही. ताई मेली नाही ना. आजही मोहगावला आहे, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, माहेरी येणं तिने तेव्हाच सोडलं. अशा बाईवर कोणी कादंबरी लिहीत नाही, लिहिली तर तू ती अर्ध्यात परत केली असतीस.

इतकी वर्षं मी सगळा राग तुझ्या नावावर ठेवला, कारण हात तू वर केला होतास. काल वाचता वाचता माझा आवाज आपोआप खाली गेला, जिथे बायका रडणार तिथे मी बरोबर थांबले, आणि समोर रुमाल निघाले तेव्हा मला बरं वाटलं. तेच बरं वाटणं, ओळखीचं. माय, ताई दारात आली ते तुझ्याआधी मी पाहिलं होतं. तिचा चेहराही पाहिला होता. तू हात वर करायच्या आतच मी पुढचं वाक्य सुरू केलं होतं, कारण तुम्ही रडायच्या बेतात होता आणि मला तुम्हाला रडवायचं होतं.

हे खरं तर ताईला सांगायला हवं. मला ते कालच कळलं असं नाही, गेल्या दिवाळीत त्यासाठीच मोहगावला गेले होते. तिने केलेला चहा प्यायले आणि संध्याकाळच्या बसने परत आले.