अडलेल्यांचा खण

बाबा,

काल लेकीचं पार्सल आलं. आत तिचा छापील लेख, एक फोटो आणि माझ्यासाठी लोकरीचे मोजे. ते हैदराबादेत मी कधी घालणार हे तिलाच ठाऊक. टपालखर्च तिचा. माझे गेले फोटोच्या चौकटीचे एकशे चाळीस, गौलीगुड्यातला दुकानदार दोनशेवर अडून बसला होता. आज सकाळी वंदना झाल्यावर चौकट तुमच्या फोटोशेजारी टांगली.

तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती, म्हणून सांगते. तुमची नात दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्राच्या तळाला राहणारे जीव ओळखून त्यांची वर्गवारी करते. शेवाळजीव म्हणायचं त्यांना. दिसायला शेवाळ, पण आहेत प्राणी. एकेक जीव मोहरीहून बारीक, आपापल्या खणात बसलेला, आणि असे शेकडो खण एकमेकांना धरून एक फांदी होते. एकानं खाल्लेलं शेजाऱ्याला पोचतं. काहींना नुसती चोच असते. ते राखण करतात आणि बाकीचे त्यांना पोसतात. पाणी इतकं गार की गोडं असतं तर गोठलं असतं. वरून बर्फाचे डोंगर येतात, तळ नांगरून जातात, वसाहतीच्या वसाहती मोडतात. मग त्याच बर्फानं आणून टाकलेल्या एखाद्या दगडाला धरून हे पुन्हा खण बांधायला लागतात. दोन महिने ती बोटीवर होती तेव्हा समोरच्या घरातली बाजी म्हणाली, "समंदर के कीडे देखने इत्ती दूर काय कू गई बच्ची? हुसेनसागर में कम हैं क्या?" मी म्हटलं, "वहां के गिन लिए, बाजी." छाती अशी फुगली होती की जिन्यावर धाप लागली.

पार्सलातल्या फोटोत त्या वसाहतीचे खण पाहिले आणि मला तुमची टपालाच्या खणांची फळी दिसली. सिकंदराबादची आपली खोली. तुमची टपालछाननीची परीक्षा जवळ आलेली. तुम्ही बुटांची खोकी एकावर एक चिकटवून खण केलेत, सतरंजीवर बसलाय, आणि मी गावांच्या नावांची कार्डं टाकते आहे. एका कार्डावर नुसतं पिंपळगाव. मी ते नांदेडच्या खणात सारलं, तोच खण हाताशी होता. तुम्ही माझं मनगट धरलंत. "पिंपळगावं किती आहेत माहीत आहे? न कळलेलं पत्र आपल्या सोयीच्या खणात ढकललं, की ते हरवलंच समज. आधी उलटून बघ. मागं लिहिणाऱ्याचं गाव असतं, शिक्का असतो. तरी नाही कळलं तर अडलेल्यांत ठेव. अडलेलं पत्र हरवलेलं नसतं." कार्ड उलटलं तर मागं बारीक अक्षरात औरंगाबाद. तुम्ही मुद्दाम लिहून ठेवलेलं. मी रडले होते, आणि मग तुम्ही मला आख्खी चिक्की दिलीत, मोडून नाही.

ही गोष्ट मी लेकीला तांदूळ निवडताना कितीदा तरी सांगितली असेल.

दोन वर्षांपूर्वी तिचा अशाच वसाहतीचा एक तुकडा अडला, कुठल्या जातीचा ते ठरेना. तिचे सर म्हणाले, जुन्याच जातीत घाल आणि प्रबंध दे. शिष्यवृत्ती संपत आलेली. तिचा फोन आला. "आई, समोरून सेम टू सेम आहे गं. पण मला पटत नाहीये."

"मग टाक की त्याच खणात आणि मोकळी हो. सर काय येडे आहेत? तुझ्या बरोबरीच्या पोरी नोकरीला लागल्या."

ती म्हणाली, "आजोबांनी टाकलं असतं?" मी म्हटलं, कुकर झालाय, ठेवते. कुकर लावलासुद्धा नव्हता.

तिनं टाकलं नाही. मोठ्या सूक्ष्मदर्शकाची पाळी मिळायला सहा महिने लागले, तेवढे ती थांबली, शिकवण्या घेऊन भागवलं तिनं. मग तुकडा उलटून पाठीकडून पाहिला. पाठीवरच्या छिद्रांची रांग वेगळीच निघाली. मग प्रयोगशाळेच्या कपाटातल्या जुन्या बरण्या काढल्या, तर त्यांतही तसल्याच पाठीचे चार तुकडे, कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या नावाखाली पडून. जात नवी ठरली, बाबा. आता जगात कुठंही तो जीव सापडला तर तुमच्या नातीनं दिलेल्या नावानं ओळखतील. सरांनी स्वतः पेढे वाटले म्हणे.

लेख इंग्रजीत. मॅट्रिकपुरतं येतं मला, बोट ठेवून वाचते. शेवटी आभार आहेत. त्यात एक ओळ: माझ्या आईचे, जिनं मला आधी उलटून बघायला शिकवलं. मी ती चारदा वाचली. फोनवर तिला म्हणणार होते, अगं, मी तर तुला ढकल म्हणाले होते. म्हणाले नाही. बाजीलाही ती ओळ वाचून दाखवली, तेवढीच.

पाकिटावर पत्ता काय घालू ते कळेना, म्हणून हे हिशेबाच्या वहीत ठेवते. ती ओळ चुकीच्या खणात पडली आहे. तिथंच राहू द्यावी की तिला सांगावं, तेवढं उलट टपाली कळवा.