गाईच्या पायातली लाल पट्टी

दि. ९ ऑक्टोबर

चिरंजीव धाकट्यास अक्काचे आशीर्वाद.

तुझी प्रकृती उत्तम असेल, मुलगा व सूनबाई कुशल असतील आणि तुझी छोटी नात आजोबांना क्षणभर स्वस्थ बसू देत नसेल, असे मी धरून चालते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. रागावलेला असलास तरी पाकीट फोडल्यावाचून तुला राहवत नाही, हे मी लहानपणापासून जाणून आहे. येथे ईश्वरकृपेने सर्व क्षेम. गुडघे माझ्यापेक्षा लवकर म्हातारे झाले, पण पहाटेचे वाचन चुकलेले नाही. तुझी बायको तुझी आठवण मुळीच काढत नाही असे मला सांगते आणि रोज तुझा कप धरूनच चहाचे पाणी ठेवते.

प्रथम शुभवर्तमान. तुझा गोठा निर्दोष ठरला. तू गेल्यावर दूध संघाने तपासणीसाठी नेलेले सर्व नमुने स्वच्छ आले आणि तुझे दूध पुन्हा घ्यायचे, असे काल संघाच्या सभेत एकमताने ठरले. हे कसे घडले ते तुला माझ्याकडूनच कळावे. इतर लोक तिखटमीठ लावल्याशिवाय राहायचे नाहीत.

ज्या दिवशी तू शहरात मुलाकडे निघून गेलास, त्या दिवसाचा कडवटपणा मला पुन्हा ढवळायचा नाही. परंतु रागाच्या भरात तू अर्धेच ऐकलेस. संघाचे पाहुणे येणार म्हणून तू गाई धुऊन काढल्यास. औषध चालू असलेल्या दोन गाईंच्या मागच्या पायांतल्या लाल पट्ट्या शेणाने माखल्या होत्या, त्या कापून टाकायला लावल्यास. "माझ्या गाई मी तोंडावरून ओळखतो, त्यांना बिल्ले कशाला?" हे तुझे शब्द मी ऐकले, आणि कौतुकाने ऐकले. तू ओळखतोसच. पण दूध काढणारा गडी तोंड कुठे पाहतो? यंत्र बसवल्यापासून तो खालच्या खड्ड्यात उभा असतो आणि गाई वरच्या कट्ट्यावर पाठमोऱ्या. त्याच्या डोळ्यांसमोर असतात फक्त मागचे पाय आणि कास. पट्टी दिसली की दूध वेगळ्या बादलीत. नाही दिसली की सरळ टाकीत. त्याने आपले काम नेमाने केले.

पाहुण्यांबरोबर सरकारी पशुवैद्य म्हणून माझी लेक आली होती. सगळे गाईंची तकाकी न्याहाळत होते, ही वाकून पाय पाहत होती.

"मामा, परवा ज्या दोघींच्या कासेत मी औषध भरलं, त्यांच्या पट्ट्या कुठायत?"

"पाहुण्यांदेखत हेच बोलायचं सुचलं का तुला?"

"टँकरही पाहुण्यांदेखतच भरणार आहे, मामा."

तिने टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. तू म्हणालास, "मामाच्या दुधावर शंका घेतेस? याच दुधावर वाढलीस ना?" ती म्हणाली, "म्हणूनच तर जपतेय." त्यानंतर तू घरात जाऊन पिशवी भरलीस. तिने तपासणीची कागदी पट्टी दुधात बुडवून ठेवली होती. त्यावर रेघ उमटली असती तर दूध शुद्ध. तू फाटकाबाहेर पडलास तोवर रेघ उमटलेली नव्हती, ती नंतरही उमटली नाही. सगळी टाकी शेणाच्या खड्ड्यात रिकामी करावी लागली. ते पाहताना माझ्या लेकीचा चेहरा कसा झाला होता, ते तुला दिसायला हवे होते.

तुझी बायको मात्र तुझ्याच बाजूची. तिने टाकीतले थोडे दूध घरासाठी आधीच काढून ठेवले होते. "दूध उत्तम आहे, पोरीला काय कळतंय," असे म्हणत तिने त्याला विरजण लावले. सकाळी दही लागले नव्हते. दुसऱ्या सकाळीही पातेल्यात दूधच.

"विरजणातले जीव औषधानं मरतात, मामी," लेकीने समजावले. "आणि उकळून औषध जात नाही."

"मग हे तुझ्या मामाला कोण सांगणार?"

"तुम्हीच सांगा की."

"मी? या वयात मला माहेरी जाऊन राहायची हौस नाही."

सांगायचे काम असे माझ्याकडे आले.

आता कालची सभा. मी शेवटच्या बाकावर बसले होते. एका सभासदाने तुझा गोठा कायमचा बंद करावा असा आग्रह धरला. तुझ्या अकलेविषयी त्याने जे उद्गार काढले ते येथे लिहीत नाही. मग माझी लेक उभी राहिली.

"या गोठ्यात काय चुकलं ते मी स्वतः नोंदवलंय, त्यातला शब्द मागे घेणार नाही," ती म्हणाली. "पण इथे आजारी गाय कधी लपवली गेली नाही. जरा कमी-जास्त वाटलं की यांचा पहिला फोन मला. मला भीती वाटते ती लपवणाऱ्यांची. आज यांना बंद केलंत, तर उद्या मला कोणी बोलावणार नाही. मग तुमच्या टाकीत काय येतंय ते देवालाच माहीत."

मग अध्यक्षांनीच हात वर केला, आणि पाहता पाहता सारे हात वर गेले. शिवाय असे ठरले, की यापुढे संघाच्या प्रत्येक गोठ्यात औषध चालू असलेल्या गाईच्या दोन्ही मागच्या पायांत पट्टी असेल, आणि पशुवैद्याने दूध तपासल्याशिवाय ती निघणार नाही. तुझ्या गोठ्यातून निघालेली शिस्त आता पंचक्रोशीत चालेल. आपल्या शास्त्रांनी अन्नाला देव मानले, ते देणाऱ्याला दाता म्हटले. अन्नाची राखण करणाऱ्याची थोरवी मात्र मला एवढ्या वर्षांच्या वाचनात कळली नव्हती. ती काल कळली.

संघाची अट एकच: त्या दिवशी टाकीला घातलेल्या कुलपाची किल्ली मालकाने स्वतः स्वीकारावी. लेकीने ती तूर्त माझ्याजवळ ठेवली आहे, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला ती तयार नाही. "मामा आल्याशिवाय टँकर लागणार नाही," असे तिने सांगून टाकले आहे. गाई दूध देत आहेत आणि ते बाहेर जात नाही.

जे लिहू नये असे तिने मला बजावले, ते आता लिहिते. संघाचे दूध कोठे जाते? तू बसला आहेस त्याच शहरात. आपल्या छोटीचे ओठ तान्हेपणी ज्या औषधाने सुजले आणि श्वास कोंडला, त्याच जातीचे औषध त्या टाकीत उतरले होते. लेक म्हणते, इतर गोठ्यांच्या दुधात मिसळून कदाचित काहीच झाले नसते. आणि तीच म्हणते, "आई, कदाचितवर विसंबायला मला नेमलेलं नाही." हे तुला कळवले तर ती जिंकल्याची मिरवणूक काढते आहे असे तुला वाटेल, अशी तिला धास्ती. मी म्हणते, ती जिंकलीच आहे, आणि त्या जिंकण्यात तुझी नात तुझ्या शेजारी सुखरूप बसली आहे. यात तू हरलास असे तुला कोणी सांगितले?

टाकीची किल्ली तूर्त सांभाळणारी, पण ठेवून न घेणारी,
तुझी अक्का


दि. १२ ऑक्टोबर

तीर्थरूप अक्कास नमस्कार.

पत्र पोचले. शेवटच्या पानाशी आलो तेव्हा छोटी समोर दूध पीत बसली होती. तिचा पेला रिकामा होईपर्यंत मला पुढची ओळ वाचवेना.

परवा पहिल्या गाडीने निघतो. भाचीला सांग, लाल पट्ट्या मागवू नकोस. खड्ड्यातल्या दिव्यात शेणाने माखलेली लाल पट्टी काळी दिसते, पायाच्या रंगात मिसळून जाते. पिवळी घे. यंत्र बसवले तेव्हा मी स्वतः खाली उतरून पाहिले होते, पण पुढे तोंडे ओळखण्याच्या तोऱ्यात विसरलो.

किल्ली तू देऊ नकोस. संघाच्या साऱ्या लोकांना बोलाव. त्यांच्यासमोर मी ती भाचीच्या हातून मागून घेईन.

तुझा धाकटा,
आणि डॉक्टरीणबाईंचा मामा