लेमाराच्या वाट्याचं रान

टोंगोआ,
२० ऑगस्ट १९८३

चि. नात लेमारास तुझ्या बुबूचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळं बरं आहे, गुडघे सोडून. अगं, आपली मोजणी झाली! तुमच्या कचेरीनं बेटोबेटी शेतीची मोजदाद काढलीय ना, तिच्यासाठी आपल्या गावात पाद्रीबाबांचा जावई मासिंग नेमलाय. गळ्यात पेन्सिल बांधून आला. ज्याचं नाक मी पुसलंय, तो मला विचारतो, बाई, आपलं नाव काय? मी म्हटलं, जा, तुझ्या आईला विचारून ये.

कोंबड्यांची तर मजाच. त्या काय रांगेत उभ्या राहतात? तो म्हणे, अंदाजे सांग. मी म्हटलं, सरकार एवढा समुद्र ओलांडून अंदाज न्यायला आलंय होय? मग बसला बिचारा झुडपात वाकून. आपली डुकरीण अर्धी पाद्रीणबाईंची, तर म्हणे अर्धी लिहायला जागा नाही. म्हटलं, पुढची अर्धी लिही, खाणारं तोंड माझ्याच दारात असतं.

मग विचारलं, या घरात शेती करणारी माणसं कोण कोण? मी सगळ्यांची नावं सांगितली. मी, सांतोला नारळाच्या मळ्यावर गेलेले तुझे आईबाप, बोटीवर असणारा जोएलकाका, आणि तू. एकेकाचं कोनफळाचं रान नेऊन दाखवलं. तुझं समुद्राकडच्या उतरणीवरचं कालच साफ केलंय, इतकं छान दिसतंय! घरी आल्यावर मासिंग लिहिताना जरा थबकला. खाली बघत होता, तिथं चटई एकच अंथरलेली. मी त्याला पानात भाजलेल्या लापलापचा आणखी एक तुकडा वाढला. खाल्ला आणि लिहिलं त्यानं.

मागच्या बोटीनं पाठवलेली कोनफळं पोचली का? लोभ तिकडे साठवून ठेवू नकोस, पत्रातून पाठवत जा.

तुझी बुबू

*

पोर्ट व्हिला,
९ सप्टेंबर १९८३

ती. बुबूस लेमाराचा सा. न. वि. वि.

कोनफळं पोचली. खोलीतल्या मैत्रिणींनी दोन दिवसांत फडशा पाडला आणि तुझं नाव घेऊन ढेकर दिले.

बुबू, तुझा कागद कचेरीत आला आणि नेमका माझ्याच टेबलावर. मी इथे टोंगोआच्या बेरजा करते ना. वाचते तर काय, लेमारा, कोनफळ लावते! मी मोठ्यानं हसले. आमच्या साहेबीणबाईंनी येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, तू दिवसभर इथे बसतेस, मग लावतेस कधी गं? सगळी कचेरी हसली.

पण तो कागद असा चालत नाही. जो माणूस त्या घरात राहतो, तिथेच जेवतो-झोपतो, त्याचंच नाव लिहायचं असतं. आईबाबा सांतोला मोजले गेलेत, मी इथे. मी चार वर्षांपूर्वी निघाले बुबू, तुझ्या लक्षात आहे ना? मासिंगला परत पाठवतील. त्याला खरं ते सांग, रागावू नकोस. तुझ्या घरात माणूस एकच, असं लिहून येईल.

नाताळला माझं येणं कठीण दिसतंय. गुडघ्यांना नारळाचं तेल चोळतेस ना? तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझी लेमारा

*

टोंगोआ,
२६ सप्टेंबर १९८३

चि. लेमारास आशीर्वाद, तू हसलीस तरीसुद्धा.

कचेरीत बसून तू शहाणी झालीस, बरं वाटलं. पण तुमच्या साहेबीणबाईंना सांग, कोनफळ ज्याच्या नावानं लावतात त्याचं असतं. लावणारा हात कुणाचा, हे वेल विचारत नाही. आणि चार वर्षं मला नको सांगूस. दरवर्षी तुझं रान मीच लावते, मला ठाऊक आहे.

मासिंग आला होता. मी त्याला म्हटलं, आज कोंबड्या आजारी आहेत, नंतर ये. तो म्हणे, कोंबड्यांचं झालंय, माणसांचं राहिलंय. तरी घालवला. तूच तिथे बसलीयस ना गं? राहू दे की एका बेरजेत थोडं जास्त. कुणाचं काय बिघडणार आहे?

आता खरं सांगते. रान पडीक राहिलं की गावचा मुखिया ते दुसऱ्याला देतो, हे तू जाणतेस. म्हणून मी सगळ्यांची रानं लावत आले. तुझी आई पुढच्या वर्षी परतते म्हणालीय, जोएल बोट सोडणार म्हणतो. पण माझे गुडघे या उतरणीवर आता चढू देत नाहीत. परवा तुझ्या रानात बसले ती उठवेचना. हाक मारून बघितली. वारा समुद्राकडे होता, कुणाला ऐकू जाणार? मग फांदी धरून उठले. त्यात मासिंगची भावजय, मलेकुला बेटाहून आलेली लेसोंग, मुखियाकडे रान मागतेय. मुखियानं परवा तुझ्या उतरणीकडे बोट करून मला विचारलं, यंदा हे लावणार ना, म्हातारे? मी म्हटलं, नातीला विचारून सांगते.

बियाण्याचे तुकडे करून राखेत घोळवून ठेवलेत, त्यांना कोंब फुटलेत. ते थांबायचे नाहीत. तू परत येणार असशील तर मी बसून लावीन, सरपटत लावीन. तेवढंच लिही. बाकी बातम्या नको.

तुझी बुबू

*

पोर्ट व्हिला,
१० ऑक्टोबर १९८३

ती. बुबूस नमस्कार.

हे पत्र बरेच दिवस लिहायचं टाळलं. इथे टपालात काम करणारा एक आहे, तान्ना बेटाचा, नाव नाकोऊ. तुला आवडेल, फार खातो. आम्ही लग्न करतोय. त्याचं काम इथेच आहे, माझंही. घर इथेच होईल.

माझं रान लावू नकोस, बुबू. त्या उतरणीवर चढू नकोस. लेसोंगला दे. मुखियाला सांग, नातीनं दिलंय.

तुझ्या कागदावर मासिंगच्या दुरुस्तीची वाट बघत होते. साहेबीणबाई रोज विचारत होत्या. बेरजेत जास्तीचं राहू द्यायचं माझ्या हातात होतं, मलाही तसं करावंसं वाटलं होतं. काल माझं नाव मीच खोडलं.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी लेमारा

*

टोंगोआ,
२ नोव्हेंबर १९८३

चि. लेमारास आणि त्या खादाडालाही बुबूचे आशीर्वाद, वि. वि.

लग्न! अगं, मी पत्र घेऊन आधी पाद्रीणबाईंकडे गेले, मग विहिरीवर, मग मुद्दाम दुकानात, आणि काहीच विकत घेतलं नाही. सगळ्यांनी विचारलं, तान्नाचा कसा निवडला? मी म्हटलं, तान्नाचे लोक रागीट असतात म्हणे, पण आमची पोरगी काय कमी आहे? आपली अर्धी डुकरीण लग्नासाठी देते. पाद्रीणबाई स्वतःची अर्धी द्यायला तयार आहेत, तेव्हा ती एकदाची पूर्ण झाली.

मासिंग परत आला. मी त्याला बसवलं आणि सांगितलं, लिही, एक. त्यानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, अरे, तुला मोजता येतं ना? मग मोज. त्यानं लिहिलं आणि उगीच बराच वेळ बसून राहिला, बोटीच्या गप्पा मारत.

यंदा तुझ्या आईबापाचं आणि जोएलचं जवळचं तेवढं लावलं, थोडं थोडं. लवकर आटोपलं. मागल्या वर्षापर्यंत तुझ्या रानातून घरी यायला अंधार व्हायचा. आता दुपार नुसती समोर उभी असते, तिला काय द्यावं कळत नाही. तेल चोळलं, अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. मग गेले हळूहळू काठी टेकत उतरणीखाली, लेसोंग काय करतेय बघायला. पोरांना झाडाखाली टाकून ती खड्डे घेत होती, पण किती उथळ! मला राहवेना. खालूनच ओरडून म्हटलं, अगं बाई, खोल घे, आमच्या लेमाराच्या रानात... आणि तिथंच थांबले. ती वळून बघत राहिली, फावडं तसंच धरून. मग मी म्हटलं, काही नाही गं. तुझं रान आहे, तुला हवं तसं लाव.

लग्नाचा दिवस कळव. बोट मिळाली तर येईन, नाही मिळाली तरी आशीर्वाद पोचतीलच. तुझा लोभ माझ्यापुरता असू दे, मला तेवढा पुरतो.

तुझी बुबू