काठमांडूला निघालेला स्टोव्ह

रविवार, ११ ऑक्टोबर १९८७. हेंद्रेपाडा, बदलापूर.

उद्या आम्ही दोघं काठमांडूला निघणार. लॉज पशुपतिनाथाजवळ, मुद्दाम स्वयंपाकाची सोय नसलेलं. जेवण शेजारच्या मारवाडी भोजनालयात. सगळं मी नकाशा बघून, पत्रं पाठवून ठरवलं, एजंट लागला नाही. उल्हासनगरचा माझा सिंधी मित्र एवढंच म्हणाला, "भाऊ, कसिनो जरूर देखना." ही म्हणते, बाहेरून बघू.

आणि आत्ता बॅग आवळताना आत काय सापडावं? जुन्या साडीत गुंडाळलेला स्टोव्ह.

"अगं, तुला आराम मिळावा म्हणून तर हे लॉज घेतलं."

"मग सकाळी उठून मी करू काय?"

लग्नापासून हिनं एकही सकाळ रिकामी पाहिलेली नाही. रागवावं तर कुणावर? स्टोव्ह बाहेर काढला तर वाटभर तिला चुकल्याचुकल्यासारखं होणार.

म्हणून स्टोव्ह होता तिथंच ठेवला. त्याचा बर्नर साफ करायची पिन मात्र काढून माझ्या पाकिटात घातली. पिनेशिवाय तो काही नीट पेटत नाही. पिन माझ्याकडे, म्हणजे तिथला सकाळचा चहा मीच करणार. हिनं पांघरुणातूनच सांगावं, साखर किती घालायची ते.