जर्मन साहेबाची सुरी

अण्णा, आज दुपारी एक बाई सासऱ्यांची सुरी घेऊन आल्या होत्या. शिंगाची मूठ, कातडी म्यान, पात्यावर हलका करडा रंग चढलेला. त्यांना ती कुठली, केव्हाची आणि किती मोलाची हे जाणून घ्यायचं होतं. मी खिडकीशी उन्हात ती फिरवून पाहिली, त्यांना सांगितलं, मग बाई सासऱ्यांबद्दल सांगता सांगता अर्ध्यातच थांबल्या. त्या गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. जुन्या जर्मन शिकारी सुऱ्या ओळखून देण्याचं हे माझं काम तुम्ही पाहिलंच नाहीत. पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, "एवढ्यासाठी लोक तुझ्या दारात येतात?"

रविवारी सकाळी आपलं स्वयंपाकघर कसं दिसायचं ते मला अजून दिसतं. आई विळीवर कांदा चिरते आहे आणि तुम्ही उंबऱ्याजवळ पाट घेऊन, पुढ्यात मटणाची परात ओढून बसला आहात. तुमच्या हातात आपल्या घरची ती जर्मन सुरी. आईला ती आवडत नसे, तिचा सगळा भरवसा विळीवर. तुम्ही मात्र हाडाजवळचं मांस इतकं हळुवार सोडवायचात, की ते आपणहून सुटल्यासारखं वाटायचं. आणि दर रविवारी तीच गोष्ट. लढाईच्या दिवसांत देवळालीच्या छावणीत जर्मन कैदी ठेवले होते, आजोबा तिथे कपडे धुवायला होते, आणि कैद्यांना दुसरीकडे हलवलं त्या दिवशी एका साहेबाने ही सुरी आजोबांच्या हातात ठेवली. कैद्याजवळ सुरी कशी राहिली, हे आम्हा भावंडांपैकी कुणीच विचारलं नाही. कुकरची शिट्टी व्हायची, खिडकीची काच धुरकट व्हायची, आणि त्या वाफेत मला एक उंच, फिकट डोळ्यांचा माणूस तारेच्या कुंपणापलीकडे उभा दिसायचा.

त्या माणसामुळेच मी गंगापूर रोडवरच्या क्लासला जर्मन शिकायला गेले, असं आता वाटतं. तेव्हा मी नोकरीचं कारण सांगितलं होतं. नोकरी मिळालीही, सिन्नरच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून. तिथे यंत्रं बसवायला एक म्हातारा जर्मन इंजिनीअर आला होता. डबा खाताना त्याने खिशातून छोटी शिकारी सुरी काढून सफरचंद कापलं आणि मी बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला विचारून मी आपली सुरी नेली. त्याने ती आधी नुसती तळहातावर तोलली. मग शिकवायला लागला. शिंग खरं असेल तर त्याच्या रेघा एकसारख्या नसतात, प्लास्टिकच्या असतात. पातं घासून चकचकीत करू नये, त्याने मोल उतरतं. मूळ म्यान हवं. पातं दगडावर किती झिजलंय ते बघावं. आणि सगळ्यात शेवटी मुठीजवळचा छाप. तिथे त्याने तेलाचं बोट फिरवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. कारागिराच्या खुणेखाली बारीक अक्षरं होती: वेस्ट जर्मनी.

"हे नाव लढाईनंतरचं," तो म्हणाला. "देशाचे दोन तुकडे झाले, त्यानंतर असा छाप मारायला लागले. छावणीत ही सुरी असणं शक्य नाही." माझा चेहरा बघून त्याने ती फडक्यात गुंडाळून परत दिली. "सुरी चांगली आहे. संग्राहक फारसं देणार नाहीत, पातं झिजलंय, म्यान नाही. पण कुणीतरी ही मन लावून वापरली आहे."

सिन्नरहून येताना एस.टी.च्या खिडकीतून शेतं मागे जात होती आणि मला घर येऊच नये असं वाटत होतं. रविवारी न राहवून मी बोलले. आई उसळलीच, "शिकली म्हणून आजोबाला खोटं पाडती का गं?" तुम्ही सुरी पुसून ठेवलीत. हात धुतलेत, सदरा चढवलात आणि म्हणालात, "चल, बाई. देवळालीला जाऊन येऊ."

तिथे छावणीचं काही उरलं नव्हतं. निलगिरीची झाडं, वाळलेलं गवत आणि एक सिमेंटचं बाक. ऊन कोवळं होतं. तुम्ही रस्त्याकडे बघत बोलत होतात.

"साहेब व्हता, हे खरं हाय. तुझ्या आजोबाला लय जीव लावला त्यानं. जाताना म्हणला, घरी पोचलो की तुला सुरी पाठवीन, आमच्याकडं शिकारीला वापरतात तसली. म्हातारा वाट बघत बसला. पोस्टमन दिसला की उठून उभा राहायचा. वर्षानुवर्षं."

"आणि आली नाही?"

"नाय आली. पुढं त्याला दिसायचं बंद झालं. मी मुंबईला गेलतो, चोरबाजारात ही दिसली. दुकानदार म्हणला जर्मन हाय. आणली, आन् म्हाताऱ्याच्या हातात ठिवली. म्हणलं, दादा, तुमचं पार्सल आलं."

मी विचारलं, मग ते काय म्हणाले?

"मुठीवरून हात फिरवत राहिला. दिवसभर. मग सांगायला लागला, साहेबानं निघताना हातात दिली म्हणून. पार्सल इसरूनच गेला. त्याला तसंच दिसत व्हतं, तर मी कशाला मोडू? तो गेल्यावर मीही तेच सांगत आलो. आता मलाही तसंच दिसतं, बाई."

वाऱ्याने निलगिरीची पानं वाजत होती. मला वाटलं, झाडांमधून कुणीतरी ओले कपडे खांद्यावर टाकून चाललंय. तुम्हालाही तसंच वाटत असावं, कारण आपण दोघं एकाच बाजूला बघत होतो.

तेव्हापासून कुणी सुरी घेऊन आलं की मी आधी तिची गोष्ट ऐकते, छाप नंतर बघते. छापाबद्दल खोटं सांगत नाही. पण सांगून झाल्यावर विचारते, ही घरात कुणी आणली, कशासाठी आणली. लोक थांबतात, आठवू लागतात. आजच्या बाईही तिथेच थांबल्या.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. त्या दिवशी बाकावरून उठायची तुम्हाला घाई नव्हती. त्या साहेबाचं नाव मी विचारीन म्हणून तुम्ही थांबला होतात, हे मला कळत होतं. भाषा मला येत होती, नावावरून गाव आणि गावावरून घर शोधता आलं असतं. पण तिथे कुणी म्हणालं असतं, आमच्या वडिलांनी हिंदुस्थानात एक सुरी पाठवली होती, पोचली का? किंवा कुणालाच काही आठवलं नसतं. अण्णा, यातलं काय सोसणं जास्त जड गेलं असतं हे मला ठरवता आलं नाही, म्हणून मी नाव विचारलं नाही. अजूनही ठरत नाही.