घरचा एक माणूस खाली थांबेल

ता. ९, मंगळवार

चि. धाकट्या,
अ. उ. आ. सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, पण मोजून घेऊ नकोस.

डावा पाय पहिल्या खडकावर होता. दोर कमरेला आवळून झाला होता. धबधब्याचं पाणी तोंडावर उडत होतं आणि तुझी बायको पहिल्या टप्प्यावरून हात हलवून मला वर बोलावत होती. तेवढ्यात ती दोरवाली मुलगी हातात कागद घेऊन आली आणि माफ करा काकू म्हणत तिने माझा दोर सोडला. तुमच्या लिफ्ट कंपनीची बावीस माणसं, त्यांच्या बायका आणि तुझे फोरमनसाहेब बघत होते. मला वाटलं, गाठ चुकली असेल. चूक गाठीची नव्हती. माझ्या फॉर्मवर लाल खूण होती. चक्कर येते, उंचीवर नेऊ नये, असं त्यावर लिहिलं होतं. अक्षर तुझं. सही माझी.

सही माझी आहे हे मला मान्य आहे. चाळीस वर्षं या घरातला प्रत्येक फॉर्म तू भरतोस, कारण तुझं अक्षर छापल्यासारखं, आणि आम्ही न वाचता खाली सही करतो. शाळेचे, बँकेचे, माझ्या घोट्याच्या ऑपरेशनचेसुद्धा. सहलीच्या सकाळी बसमध्ये तू कागद माझ्या मांडीवर ठेवलास, मी सही केली आणि डबा उघडला. तो कागद माझ्याच विरुद्ध असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

मला चक्कर कधी आली रे? नदीतल्या गोट्यांवरून बारा किलोमीटर ती चार चाकांची मोटारसायकल मी चालवली. तू मागे बसला होतास. कड्याच्या वाटेवर माझा पट्टा इतका घट्ट धरलास की कमरेवर वळ आहेत. कडेने नको, आत घे, असं चार वेळा ओरडलास. मी म्हटलं, असू दे, काळजी करतोय. काळजी! त्या वेळी तो कागद तुझ्या खिशातच होता.

मग तीन तास मी खाली सतरंजीवर बसले. चपला सांभाळल्या. तू शेजारी बसून मला संत्री सोलून दिलीस. फोरमनसाहेब उतरून आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. तू मान खाली घालून हसलास. ते हसू मला अजून पचलेलं नाही.

फोनवर बोलले असते तर ओरडले असते, म्हणून लिहिते. असं का केलंस ते कळव.

लोभ आहे, पण सध्या फळीवर ठेवला आहे.
तुझी,
ताई


ता. १२, शुक्रवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि. फोन चार वेळा केला. तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

तू असं लिहिलं आहेस जसा काही मी तुला दरीत ढकललं. मी तुला दरीपासून लांब ठेवलं. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या सरळ, कोरड्या, कठडा असलेल्या जिन्यावरून कोण पडलं होतं? तीन आठवडे डबा घेऊन कोण येत होतं? स्वतः तीस वर्षं लोकांच्या हातापायांना प्लास्टर घालणारी बाई स्वतःच्या प्लास्टरमध्ये पेन्सिल घालून खाजवत होती, ती कोणी ओढून काढली? आणि आता शेवाळलेल्या खडकावर, अंगावर पाणी घेत चढणार म्हणे. तुझं वय मी लिहीत नाही. तुला पाठ आहे.

घोटा लिहिला असता तर त्यांनी घोट्याला पट्टी बांधून चढवलं असतं. म्हणून चक्कर लिहिली. एवढंच.

आणि मी काय मजा केली? तीन तास मीही खालीच बसलो. सगळी कंपनी वर जाऊन फोटो काढून आली. माझा एकही फोटो नाही. त्याबद्दल एक शब्द नाही. संत्र्यांचा मात्र हिशेब आहे.

फॉर्म सही करण्याआधी वाचायचा असतो, हे मी तुला लहानपणापासून सांगत आलो आहे. तू वाचत नाहीस यात माझा दोष नाही.

फळीवरचा लोभ खाली काढावास. तुझ्या वहिनीचा नमस्कार. ती तुझ्याच बाजूची आहे, हे सांगायला लावलं म्हणून सांगतो.
तुझा,
धाकटा


ता. १५, सोमवार

चि. धाकट्या,
आशीर्वाद शेवटी. आधी हे वाच.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग सहलीच्या ऑफिसात फोन लावला. दोरवालीच बोलली. भली मुलगी आहे. तुमच्या कंपनीची दुसरी तुकडी रविवारी, अठ्ठावीसला जाते. त्यानंतर दोर उतरवतात, ते पुढच्या वर्षापर्यंत. मला त्या तुकडीत यायचं आहे. अट एकच: ज्याने नोंद लिहिली त्याने ती चुकीची आहे आणि का चुकली हे कंपनीच्या ऑफिसातून लिहून द्यायचं, कारण बुकिंग कंपनीचं आहे. माझ्या शब्दाला किंमत नाही. माझ्या शब्दावर तुझं अक्षर आहे.

मला वर का जायचं आहे ते ऐक. दोन वर्षं झाली, मी खोलीत शिरले की लोक खुर्ची ओढतात. दवाखान्यात प्लास्टरची बादली मला उचलू देत नाहीत. परवा नवीन आलेल्या पोरीने जिन्यावर माझा दंड धरला. आठ महिने मी रोज पाच मजले पायी चढते आहे, तुझ्या कंपनीच्या लिफ्टकडे पाठ करून. एकदा तरी मला कोणी न धरता वर जायचं होतं. तेवढंच होतं माझं.

आता दुसरं. मी तिच्याकडून त्या फॉर्मची प्रत मागवली. आज आली. तू नुसती चक्कर लिहिलेली नाहीस. तू लिहिलं आहेस: मान वर केली की भोवंडतं, डावीकडे वळल्यास जास्त, खाली बसल्यावर अर्ध्या मिनिटात थांबतं. धाकट्या, खोटी चक्कर लिहिणारा माणूस नुसता चक्कर लिहितो. डावं उजवं लिहीत नाही. तीस वर्षं मी लोकांची दुखणी ऐकते आहे. खोटं दुखणं सगळीकडे दुखतं. खरं दुखणं बोट ठेवून दाखवता येतं.

आणि फॉर्मच्या तळाशी, जिथे रकानाच नाही तिथे, तुझ्या सुंदर अक्षरात एक ओळ आहे. सोबत घरचा एक माणूस खाली थांबेल. दोरवाली म्हणाली, असं कोणी लिहीत नाही, आम्ही मागतही नाही.

चक्कर तुला येते. फोरमनसमोर ती दिसू नये म्हणून तुला खाली बसायला कारण हवं होतं. ते कारण मी.

मला सांगितलं असतंस तर मी स्वतः घोटा धरून खाली बसले असते, एवढी मी तुझी बहीण आहे. तू विचारलं नाहीस. मला न विचारता मला आजारी केलंस, आणि वर माझ्या जिवावर कौतुकही करवून घेतलंस.

माझं सोड. तू लिफ्टच्या शाफ्टमध्ये काम करतोस. अकरा मजल्यांच्या पोकळीत तुझा जोडीदार खाली आणि तू वर, किंवा उलट. तो तुझ्या भरवशावर उभा असतो. त्याने कुठला फॉर्म भरला आहे?

अठ्ठावीसच्या आत लिहून दे. आशीर्वाद तोवर माझ्याकडेच.
ताई


ता. १८, गुरुवार

ती. वन्सं यांस,
सा. न. पोचावा. पत्रास कारण तुमचं पत्र.

आमच्याकडे तुमचं पत्र आलं की जेवायच्या टेबलावर मी मोठ्याने वाचते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या शिव्या सगळ्यांना सारख्या वाटून मिळाव्यात अशी पद्धत आहे. तसंच सुरू केलं. डावीकडे वळल्यास जास्त, इथपर्यंत आले आणि ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. पुढचं मी मनात वाचलं.

वन्सं, मी तुमच्यावरही रागावले आहे. हे मला तुमच्या पत्रातून कळावं? बावीस वर्षं मी ह्यांचे डबे भरते. माळ्यावरची बॅग काढायला ह्यांनी शेजाऱ्याला का बोलावलं, केस कापताना मान मागे टाकू देत का नाहीत, पलंगाची बाजू का बदलली, हे सगळं मी बघत होते. आणि प्रत्येक वेळी ह्यांनी दिलेलं कारण मी मानलं. पलंगाचं कारण तर माझं घोरणं दिलं होतं. मी दोन महिने लाजेने उताणी झोपले नाही.

मी विचारलं तेव्हा आधी चिडले. ताईला सगळ्यात नाक खुपसायची सवय आहे म्हणाले. मग म्हणाले की एप्रिलपासून आहे. वरचं काम जोडीदार करतो, हे खाली यंत्राशी थांबतात, कोणाला कळत नाही. मी म्हटलं, जोडीदाराला कळतं का? कळलं की शाफ्टमधून काढतील आणि मग मी कोण, असं म्हणाले. मी म्हटलं, आत्ता कोण आहात? ज्याने बहिणीला चपलांपाशी बसवलं तो. हे जरा जास्तच झालं असेल. परत घेत नाही.

दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज आहे. तुम्ही माघार घेऊ नका. घेतलीत तर माझ्याशी गाठ आहे.

माया आहेच, ती तशीच राहू द्यावी.
तुमची,
वहिनी


ता. २२, सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत पत्राची प्रत आहे. मूळ पत्र आज सकाळी ऑफिसात दिलं. चार ओळी आहेत. नोंद चुकीची आहे. बहिणीची तब्येत ठीक आहे. लिहिलेली लक्षणं माझी आहेत. ती लपवण्यासाठी नोंद केली. चार ओळींना तीन दिवस लागले. अक्षर चांगलं आलं नाही.

मी अजून रागावलेलो आहे, हे लिहून ठेवतो. तू एक कडा चढणार, त्यासाठी माझी बावीस वर्षं गेली. शहरातल्या अर्ध्या लिफ्ट मी हाताने वर नेलेल्या आहेत. अंधारात दोराला हात लावून कुठली तार झिजली ते सांगू शकतो. आणि माझी मान जरा वर झाली की भिंती फिरायला लागतात. हे कोणाला सांगायचं? तुला सांगितलं असतं तर असली चक्कर कानातून येते म्हणत तू दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरसमोर नेऊन बसवलं असतंस. म्हणूनच सांगितलं नाही.

जोडीदाराबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. शनिवारी त्याला चहा प्यायला नेलं आणि सांगितलं. मला वाटलं, बरं झालं सांगितलंस म्हणेल. त्याने कप खाली ठेवला आणि विचारलं की एप्रिलपासून? मी हो म्हटलं. तो उठून गेला. आज माझ्याशी बोलला नाही. बरोबर आहे त्याचं.

फोरमनसाहेबांनी पत्र वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं. एकोणतीसला सकाळी भेट म्हणाले. तोवर यंत्राच्या खोलीत.

रविवारी साडेपाचला बस निघते. शनिवारीच मुक्कामाला ये. तुझा फॉर्म तू भर.
धाकटा


ता. २९, सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू काल रात्रीच्या गाडीने गेलीस, म्हणून राहिलेलं लिहितो.

तू दोन टप्पे चढलीस. मी खाली उभा होतो. मान वर करता येत नव्हती, म्हणून तुझी वहिनी मला सांगत होती. आता डावा हात, आता उजवा पाय, आता थांबल्या, आता दोरवालीशी हुज्जत घालताहेत. दुसऱ्या टप्प्यावर तू पुरे म्हणालीस आणि तिथे बसून डब्यातलं खाल्लंस. तिसऱ्यावर गेली नाहीस. तुला कोणी थांबवलं नाही, हे तू खाली आल्यावर तीन वेळा सांगितलंस. ऐकलं.

तू ओले कपडे बदलायला गेली होतीस तेव्हा फोरमनसाहेब जवळ आले. म्हणाले की बघ, पुरं नाही जमलं, पहिल्याच वेळी खाली ठेवलं होतंस तेच बरं होतं. हसून म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून. ताई, माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं की तिने जमलं तेवढं केलं आणि नको झाल्यावर नको म्हणाली, मला एप्रिलपासून तेवढं जमलेलं नाही. आवाज चढला. वहिनीने बाही ओढली. मी पुन्हा तेच बोलेन.

आज सकाळी साडेसातला त्यांनी शाफ्टच्या किल्ल्या मागितल्या. मी दिल्या. जोडीदाराबरोबर दुसरा माणूस दिला, ते दोघे अकराव्या मजल्यावर गेले. मला तळमजल्यावर मोटारी उघडायला बसवलं. दुपारी चारला कानाच्या डॉक्टरची वेळ मिळाली आहे.
तुझा,
धाकटा